बंद बटणाचा उजेड

माझ्या सासूबाई मरणानंतर घरी परत आल्या आहेत, ही बातमी मला चुलत सासऱ्यांनी दिली, तीही चहात खारी बुडवता बुडवता. आमच्याच घरात राहणाऱ्या गोपीनाथ काकांना कुठलीही गोष्ट सांगताना तोंडात काहीतरी लागतंच. त्यांनी आधी दार लोटून घेतलं आणि माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याला, देवेशला म्हणाले, "वहिनी आयलीय. तिच्या खोलीत उजेड हाय, बटन बंद हाय. तुमचं लगीन झाल्यापासून."

'लगीन झाल्यापासून' म्हणताना त्यांनी खारी जरा जोरात चावली. समजायचं ते मी समजले. नवी सून आली आणि घरात मेलेलं माणूस फिरायला लागलं, तर दोष कुणाच्या पायगुणाचा, हे सांगायला भटजी लागत नाही.

मी रुचिता. माहेर डोंबिवलीचं, मूळ गाव कोकणात. ठाण्याला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात टेस्टिंगला लागले. तयार झालेल्या पॅनलमध्ये काय चुकलंय ते शोधायचा मला पगार मिळतो. स्वभावही तसाच झालाय. माझ्या आईचं म्हणणं, माझ्यापुढे बसून चहा पिणं म्हणजेसुद्धा तपासणीला बसणं.

सासर शहाडचं, आगरी. एके काळी यांची शेतं थेट उल्हास नदीपर्यंत होती. आता तिथे टॉवर उभे आहेत आणि त्यांच्या मधोमध यांचं कौलारू घर तेवढं उरलंय. चारी बाजूंनी उंच भिंती असल्यामुळे घरात दुपारपासूनच काळोख उतरायला लागतो.

सासूबाईंना, म्हणजे आवडाबाईंना, मी एकदाच भेटले होते. देवेश मला दाखवायला घेऊन गेला होता. त्यांनी माझा हात हातात घेतला, उलटा केला, तळव्यावरचा सोल्डरिंगचा जुना डाग पाहिला, अंगठा फिरवला त्याच्यावरून. आणि काही न बोलता हात सोडून दिला. मी घरी जाईपर्यंत विचार करत होते, पसंत पडले की नाही. विचारायचं राहिलंच. थोड्याच महिन्यांत आजारपणात त्या गेल्या. घरात मरण झालं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, म्हणून आमचं लग्न घाईघाईत लागलं. त्यामुळे काका म्हणाले "वहिनी आयलीय", तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर ते हेच, की बाई नाही म्हणायला आली.

संध्याकाळी आम्ही त्या खोलीत गेलो. खिडकी बंद, बटण बंद. लाकडी तुळईला जुन्या पितळी होल्डरमध्ये साधा एलईडी बल्ब होता, आणि तो जळत होता. जळत होता म्हणणंही जास्तच. फिकट, आजारी उजेड होता तो, त्याच्याखाली वाचता आलं नसतं, पण पलंगावरची घडी घातलेली गोधडी दिसत होती. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. देवेशने माझा दंड धरला. पलंगाच्या कडेला माझे सासरे काळुरामबाबा बसले होते. आमच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मात्र मी कामाला लागले.

आधी बल्ब बदलला. नवा बल्बही तसाच मिणमिणला. मग स्वयंपाकघराची खिडकी बंद करून तिथला दिवा बघितला. तोही मिणमिणत होता. न्हाणीघरातला, पडवीतला, आमच्या खोलीतला, सगळे तसेच. उजेडात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, इतकंच. आता, खोड एकाच दिव्याची असेल तर ती दिव्यात शोधावी, एका खोलीची असेल तर त्या खोलीच्या वायरीत. सगळ्या घराची खोड असेल तर सगळ्या वायरी जिथून निघतात तिथे जायचं. मी टेस्टर काढला आणि प्लगच्या भोकांत लावून बघितला. करंट उजव्या भोकात यायला हवा. तो डाव्या भोकात होता. दुसरा प्लग, तिसरा प्लग, तेच. मला हसू आलं, इतकं हलकं वाटलं.

जेवताना मी सगळ्यांना समजावलं. "मेन स्विचमधून दोन वायरी घरात येतात. एक करंट आणणारी, एक परत नेणारी. बटण आणणारीवर असायला हवं. आपल्या दोन्हींची अदलाबदल झालीय, त्यामुळे बटण परत नेणारीवर आलंय. नळाची तोटी टाकीच्या बाजूला हवी, ती मोरीच्या बाजूला लावली तर कसं होईल? पाणी थांबेल, पण पाइप भरलेलाच राहील. तसा बटण बंद केलं तरी दिव्यापर्यंत करंट उभाच आहे. एलईडीला कणभर पुरतो, म्हणून तो मिणमिणतो."

"पन आधी नव्हतं असं," काका म्हणाले.

"लग्नात मांडववाल्याने लायटिंगसाठी आपल्या मेनमधून वायर घेतली होती. मांडव सोडताना घाईत उलटं जोडून गेला. पाच मिनिटांचं काम आहे. उद्याच करते."

देवेशने सुटल्यासारखा श्वास सोडला. काकांचा चेहरा पडला, हातातलं भूत गेल्यावर पडणारच. पण बाबा ताटावरून उठले. हात धुतला आणि म्हणाले, "मेनला हात लावायचा नाय." एवढंच बोलून ते त्या खोलीत गेले.

मला राग आला. नवीन सून असल्याचं भान ठेवून मी तो दोन दिवस गिळला, मग विचारायला त्या खोलीत गेले.

बाबा लाकडी स्टुलावर उभे होते. हातात सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. सासूबाई दर शनिवारी घरातले बल्ब पुसायच्या, हे मला देवेशने सांगितलं होतं. बल्ब पुसून झाला होता, पण बाबा उतरत नव्हते. त्यांनी उजवा हात पितळी होल्डरवर ठेवला होता आणि डोळे मिटले होते. म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर तसा आनंद मी कधी पाहिला नव्हता. मला भीती वाटली त्याची.

"बाबा!"

"ओरडू नको," ते डोळे न उघडता म्हणाले. "ती हात धरते माझा."

त्यांना खाली उतरवलं आणि मी वर चढले. तपासायलाच चढले होते, पण टेस्टर खाली पलंगावरच राहिला होता, हे नंतर कळलं. मी बोटांची मागची बाजू होल्डरला टेकवली. मुंग्या आल्या. बारीक, गरम, मनगटापर्यंत चढणाऱ्या. होल्डरच्या आतली चिनीमाती तडकली असणार, करंट पितळेवर उतरत असणार, लाकडी स्टूल कोरडं आहे म्हणून झटका बसत नाही, नुसती झिणझिण येते. हे सगळं मला माहीत होतं. आणि तरी मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, कुणीतरी माझ्या हातावरून अंगठा फिरवतंय.

मी खाली उतरले आणि बाबांवर ओरडले. सासऱ्यावर सुनेने ओरडू नये तशी ओरडले. "हा करंट आहे, बाबा! स्टूल ओलं असेल, फडकं ओलं असेल, तर जागच्या जागी मराल!"

"मना ठाव हाय करंट कसा असतो. शेतावर पंप होता माझा." ते शांतपणे फडक्याची घडी करत होते. "करंट मानसाला फेकतो. ही फेकत नाय. ही धरते."

"फेकतो तो सोडून तरी देतो. धरतो तोच मारतो, बाबा."

"मंग मारू दे," बाबा म्हणाले.

तेव्हा मला कळलं की हे कुणाच्या पायगुणाचं प्रकरण नाही. या माणसाला जायचंय, आणि वाट माझ्या डोक्यावरच्या तुळईला टांगलेली आहे.

देवेशला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, बाबा सकाळी देवळात जातात ना. तेवढ्यात करून टाक. त्यांना काय कळणार आहे?"

"कळणार नाही कसं? संध्याकाळी हात लावतील आणि ती नसेल. मग जन्मभर म्हणतील, सुनेने तिला घराबाहेर काढली. आणि तुझे काका खारी खात खात ते गावभर सांगतील."

"मग काय करायचं?"

"मला माहीत असतं तर तुझ्याशी बोलत बसले असते का?"

चिडचिड माझी मलाच होत होती. कारखान्यात चूक सापडली की काम संपतं. इथे चूक सापडली होती, कारण सापडलं होतं, हातात पेंचिस, म्हणजे पक्कड, होती, आणि मी मेन स्विचसमोर नुसती उभी राहत होते.

मग तो रविवार आला. मी बाहेरच्या ओसरीवर कपडे वाळत घालत होते. आत भावनाने, माझ्या नणंदेने, फरशी पुसून ठेवली होती. सासूबाईंच्या खोलीतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला, म्हणून मी खिडकीतून डोकावले. स्टुलाचा पाय निखळला होता. बाबांना काही लागलं नव्हतं. ते मागल्या दाराकडे गेले आणि माळ्यावर चढायची लोखंडी शिडी ओढत घेऊन आले. अनवाणी. ओल्या फरशीवर.

मी ओरडले नाही. ओरडण्यात वेळ गेला असता. पळत जाऊन ओसरीच्या टोकाच्या मेन स्विचचा दांडा खाली ओढला. घरातला फ्रिज, पंखे, काकांचा टीव्ही, सगळं एकदम गप्प झालं. मी खोलीच्या दारात पोचले तेव्हा बाबा शिडीवर होते, हात होल्डरवर. वरचा दिवा पार विझला होता.

"आज नाय आयली," बाबा म्हणाले. पुन्हा हात दाबून पाहिला. "आवडे?"

मग त्यांना रडू फुटलं. शिडीच्या वरच्या पायरीला कपाळ टेकून ते लहान मुलासारखे रडले. खाली मी त्यांचे पाय धरून उभी होते. रडं ओसरल्यावर ते म्हणाले, "तिला मी बोलावलं होतं ना. मांडवात. नाव घेऊन. आता तिला जा कनाला बोलू?" कनाला म्हणजे कशाला. सासरचे शब्द मी तेव्हा एकेक करून शिकत होते.

त्या वाक्याने मला वाट सापडली. यांच्या लग्नात हळदीआधी धवलारीण, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी बाई, धवले गाते आणि घरातल्या गेलेल्या माणसांना नावानिशी लग्नाला बोलावते. देवेशने सांगितलं होतं, की "आवडाबाई" हे नाव आलं तेव्हा डीजे बंद केला होता आणि बाबा खांबाला धरून उभे होते. बाबांकडून मी नदीची शपथ घेतली, की धवलारणीला भेटून येईपर्यंत शिडीला हात लावणार नाही. मग चप्पल घालून निघाले.

धवलारीण गोदूबाई गावठाणात राहतात. दारात बसून सुकट निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, वायरींचंही सांगितलं. त्यांनी वायरींचं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि विचारलं, "पोचवायचं कवा केलं तुमी?"

"काय पोचवायचं?"

"बोलावलेला मानूस आपला आपला जात नाय, पोरी. लगीन झालं की मांडव सोडायच्या आधी ज्याला त्याला निरोपाचं गानं लागतं. नाव घेऊन बोलावलं, नाव घेऊन पोचवायचं. तुमचा मांडववाला सकाळीच आला. त्याची दुसरीकडं हळद होती. मी बोलते थांब, गानं राहिलंय, तो पडदे ओढतोय, वायरी ओढतोय. तुज्या काकांनी सांगितलं, नंतर करू."

मी सुकटीच्या टोपलीकडे बघत बसले. त्याच सकाळी, त्याच माणसाच्या घाईत, दोन गोष्टी चुकल्या होत्या. एक मी शोधली होती. दुसरी मला माहीतही नव्हती. माझ्या वायरीच्या हिशेबात सगळं बसत होतं, गोदूबाईंच्या हिशेबातही सगळं बसत होतं, आणि दिवे दोन्ही हिशेबांत मिणमिणत होते. भर उन्हात मला गार वाटलं.

"तुजा इश्वास हाय का यावर?" त्यांनी विचारलं.

"माझा टेस्टरवर आहे."

"मंग तू टेस्टर आन. मी गानं आनते."

पुढच्या शनिवारी दुपारी अंगणात आंब्याच्या डहाळ्यांचा एवढासा मांडव घातला. भावनाने तांदळाच्या भाकऱ्या केल्या, बोंबील केले, सासूबाईंना आवडायचे तसे. हिरव्या बांगड्या आणि लुगडं पाटावर ठेवलं. खोलीची खिडकी बंद होती, दिवा बंद होता, आणि तो मिणमिणत होता. गोदूबाई उंबऱ्याशी बसून गाऊ लागल्या. त्यांचा आवाज फुटका आहे, सूर एका जागी राहत नाही, पण अंगणात कुणी हललं नाही. देवेशने मला हळूच अर्थ सांगितला. आलीस, लेकाची हळद पाहिलीस, सुनेचं तोंड पाहिलंस, ताटावर जेवलीस, आता ऊन उतरायच्या आत नदीची वाट धर. 'सुनेचं तोंड पाहिलंस' इथे मी मान खाली घातली.

गाणं थांबलं. "आता घरधन्यानं जा बोलायचं," गोदूबाई म्हणाल्या.

काका खाकरले. बाबा खोलीकडे बघत राहिले, मग उठले आणि ओसरीवर माझ्याजवळ आले. मी मेन स्विचजवळ पेंचिस घेऊन उभी होते. मला बाजूला करून त्यांनी दांडा हातात घेतला.

"आवडे," ते म्हणाले, "पोरांना बघलंस. आता जा."

आणि त्यांनी दांडा खाली ओढला.

मी टेस्टरने खात्री केली, झाकण उघडलं, दोन्ही वायरी सोडल्या, जागा बदलून परत आवळल्या. दांडा वर केला. फ्रिज सुरू झाला. प्लगच्या उजव्या भोकात टेस्टर पेटला, डाव्यात नाही. मग सगळे खोलीच्या दाराशी गेले. आत पुरता काळोख होता. गोधडी दिसत नव्हती.

"जेली," बाबा म्हणाले. आमच्याकडे गेलीला जेली म्हणतात.

"बघ, गानं झालं न् उजेड जेला," काका मला म्हणाले. मी वाद घातला नाही. मी वाद सोडला हे माझ्या आईला सांगितलं तर ती मानणार नाही.

एक काम राहिलं होतं. तो तडकलेला पितळी होल्डर बदलायला हवा होता, नाहीतर दिवा चालू असताना कुणीतरी हात लावला तर पुन्हा तेच. पाहुणे गेल्यावर, दिवेलागणीच्या आधी मी मेन बंद केलं आणि नवा प्लास्टिकचा होल्डर घेऊन खोलीत गेले. खिडकी थोडी उघडली. देवेशने ठोकून बसवलेलं स्टूल डगमगत होतं, तरी चढले. टेस्टर लावला. काही नाही. पुन्हा लावला. काही नाही.

खिशातून स्क्रूड्रायव्हर काढायचा होता. त्याऐवजी मी होल्डरवर हात ठेवला. पूर्ण तळवा, डागासकट. पितळ थंड होतं. मी दाबून धरलं. मला त्या बाईला एवढंच विचारायचं होतं, की त्या दिवशी माझा हात का सोडलात. पसंत नव्हते म्हणून, की तो डाग बघून तुम्हाला वाईट वाटलं म्हणून. आता विचारायला कुणी नव्हतं. तिला मीच घालवली होती, पाहुण्यासारखी, आमची ओळख व्हायच्या आत. मला रडू आलं.

दारात बाबा कधी येऊन उभे राहिले होते, मला कळलं नाही.

"जेली ना ती?"

मी नाक पुसलं. "गेली, बाबा. दोनदा तपासलं मी. काही नाही त्याच्यात."

ते माझ्या वर गेलेल्या हाताकडे बघत राहिले.

"मंग हात कनाला धरून ठेवलंस?"

माझा हात सुटला नाही. बाबा आत आले, खाली वाकले, आणि दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरून उभे राहिले.